मागच्या भिंतीची माती

गुरुवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला शेवंतीबाई परब भाजीच्या सालांची बादली घेऊन खाली उतरल्या. दुधीची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा. कांद्याची टरफलं आणि लिंबाच्या फोडी वेगळ्या काढलेल्या, कारण त्या गांडुळांना सोसत नाहीत. साकीनाक्याजवळच्या वसंतदीप सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करायचं ठरलं, त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून बागेची जबाबदारी शेवंतीबाईंकडे होती. वय बहात्तर, गुडघे कुरकुरणारे, पण सकाळची ही फेरी त्यांनी कधी चुकवली नव्हती.

चंपा खरात मागच्या भिंतीजवळच्या वाफ्याशी उकिडवी बसली होती. सोसायटीचे जिने झाडणं, गाड्यांची जागा धुणं आणि बाग सांभाळणं ही तिन्ही कामं चंपाची. जालन्याकडची. लग्न होऊन मुंबईत आली आणि असल्फ्याच्या डोंगरावर राहिली, त्याला पंचवीस वर्षं झाली, पण लहानपण दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-खुरपणी करण्यात गेलेलं. गांडुळांचं काम सोसायटीत कोणालाच येत नव्हतं, ते तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. गोरेगावच्या तबेल्यातून शेण कधी आणायचं, ते किती दिवस निववायचं, गोणपाट किती ओलं ठेवायचं, सगळं तिच्या बोटांना ठाऊक.

आज तिने गोणपाट उचलून बाजूला ठेवलं होतं आणि हात मात्र मांडीवर होते.

"काकू, इकडं बघा जरा."

वाफ्याच्या विटांवर गांडुळं चढली होती. काही उन्हात वाळून दोऱ्यासारखी झालेली. आत माती उकरली तर दहा-वीस एकमेकांत गुंतून निपचित पडलेली. चंपाने एक तळहातावर घेतलं. त्याच्या अंगाला जागोजागी कोणी दोरा आवळून बांधावा तसे करकोचे पडले होते, गळ्याजवळचा पट्टा सुजला होता आणि शेपटाकडचा भाग गळून गेला होता. ते वळवळत होतं, पण जिवंतपणी वळवळावं तसं नव्हे.

"मी म्हणलं होतं ना तुम्हाला, दिवाळीच्या आधी," चंपा म्हणाली. "या वाफ्यात अंडी दिसत न्हाईत म्हणून."

म्हणाली होती खरं. फाटकाजवळच्या दोन जुन्या हौदांत माती उकरली की गांडुळांची अंडी दिसत, मोहरीएवढी, पिवळसर. नवरात्रात मागच्या भिंतीशी जे तीन नवे वाफे केले, त्यांत तिला एकही अंडं सापडलं नव्हतं. जुन्या हौदांना विकतची माती होती. नव्या वाफ्यांसाठी भिंतीलगतचीच जमीन खणून तीच माती शेणात कालवली होती. तेव्हा शेवंतीबाईंनी तिला सांगितलं, थंडी पडली की होतील. आणि त्या विसरून गेल्या.

थोड्या वेळात बायका जमल्या. रुक्मिणी सामंत आल्या. त्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. कोणाच्या घरी आजारपण असलं की डबा पहिल्यांदा त्यांचाच पोचायचा, त्यामुळे त्यांचा शब्द सोसायटीत खाली पडत नसे. त्यांनी नाकाला पदर लावून वाफ्यात पाहिलं आणि मग चंपाकडे पाहिलं.

बागेच्या दारावर पत्र्याची एक पाटी होती. 'अडचणीच्या दिवसांत महिलांनी बागेत प्रवेश करू नये.' गणपतीच्या दुर्वा, सत्यनारायणाची तुळस, हरतालिकेची पत्री याच बागेतून जात असे, म्हणून मंडळाने हा नियम केला होता. सोसायटीतल्या बायकांनी तो आपापल्या मनाने पाळायचा होता. चंपाच्या बाबतीत मात्र मनावर सोडून भागणार नाही, असं मंडळाला वाटलं. म्हणून तिने तारीख सांगायची आणि ऑफिसातल्या कॅलेंडरवर त्या चार दिवसांना लाल गोल करायचा, असं ठरलं. पाण्याचा टँकर, लिफ्टची दुरुस्ती, झुरळांची फवारणी आणि चंपाचे चार दिवस, सगळं एकाच कागदावर. त्या दिवसांत तिने बागेत यायचं नाही. गटार उपसायला, जिने पुसायला आणि कचऱ्याचे डबे धुवायला हरकत नव्हती.

ते गोल शेवंतीबाई काढत. त्यांचं अक्षर चांगलं म्हणून.

अडचणीत असताना वाफ्याला हात लावलास का, असं रुक्मिणीबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा चंपाला खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही.

"आली होती. मागल्या महिन्यात, मधेच. वाफा पालटत होते तेव्हाच कळलं. आता वय झालं, ताई, तारखेचा भरवसा न्हाई राहिला."

"तरीच," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "तुमच्यात पाळत नसतील, ते तुमचं तुम्ही बघा. पण इथे देवाचं जातं. एवढे जीव मेले, त्याचं पाप कोणाच्या माथी?"

'तुमच्यात' हा शब्द त्यांनी सहज उच्चारला. उभ्या होत्या त्या सगळ्यांना त्याचा अर्थ कळला आणि एकीनेही मान वर केली नाही.

चंपाने शेवंतीबाईंकडे पाहिलं. दिवाळीच्या आधी काय सांगितलं होतं, हे ठाऊक असलेली तिथे एवढी एकच बाई होती. शेवंतीबाई बादलीतल्या दुधीच्या सालांकडे बघत राहिल्या. मंडळाचं ठरलंय, मी काय बोलणार, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. चंपा उठली, नळावर हात धुतले, झाडू जागेवर ठेवला आणि डब्याची पिशवी खांद्याला लावून फाटकाबाहेर गेली. उद्यापासून येऊ नकोस, असं तिला कोणी तोंडाने म्हणालंही नाही. तिची तेवढीही किंमत कोणी केली नाही.

संध्याकाळी नात अक्षता कॉलेजातून आली. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. चहा घेताना शेवंतीबाईंनी तिला झालेलं सांगितलं, थोडं फिरवून, आपला भाग गाळून. पण पोरगी आजीला ओळखून होती.

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार गं? पाचजणींत बोलायचं म्हणजे..."

"म्हणजे गप्प बसलीस." अक्षताने कप ठेवला. "आजी, गांडुळाला डोळे नाहीत, कान नाहीत. त्याला चंपामावशीची तारीख कळते, असं तुला खरंच वाटतं?"

शेवंतीबाईंनी तिचा कप उचलून विसळायला घेतला. खरं सांगायचं तर, वाटत होतं. पाळी होती तोवर त्यांनी लोणच्याच्या बरणीला, तुळशीला, पापडाच्या पिठाला त्या चार दिवसांत हात लावला नव्हता. सुनेलाही लावू दिला नव्हता.

अक्षता खाली जाऊन दोन पिशव्यांत माती घेऊन आली. एक फाटकाजवळच्या जुन्या हौदातली आणि एक मागच्या भिंतीजवळची. आईस्क्रीमचे दोन मोठे रिकामे डबे काढले. प्रत्येकाच्या मधोमध पुठ्ठा उभा केला, एका बाजूला जुनी माती, दुसऱ्या बाजूला मागची. दोन्ही सारख्याच ओल्या केल्या. मग पुठ्ठा काढून घेतला आणि मधल्या रेषेवर जुन्या हौदातली धडधाकट गांडुळं ठेवायला घेतली.

"हा डबा मी भरला. मला आज दुसरा दिवस आहे," ती म्हणाली. शेवंतीबाईंचा हात आपोआप मागे गेला. "दुसरा तू भर. तुझी पाळी जाऊन वीस वर्षं झाली, सकाळी देवपूजा झालीय, तुझ्याहून सोवळं या घरात कोणी नाही. दोन दिवसांनी बघू, गांडुळं कोणाला घाबरतात."

पोरीच्या हट्टापायी त्यांनी दहा गांडुळं मोजून आपल्या हाताने दुसऱ्या डब्यात ठेवली. झाकणांना भोकं पाडली आणि दोन्ही डबे बाल्कनीत ओट्याखाली सरकवले.

शनिवारी संध्याकाळी अक्षताने पुठ्ठे पुन्हा मधे खोचले आणि एकेक बाजू वर्तमानपत्रावर ओतली. तिच्या डब्यात दहाच्या दहा गांडुळं जुन्या मातीत शिरली होती. शेवंतीबाईंच्या डब्यात नऊ जुन्या मातीत आणि एक रेषेवर मरून पडलेलं. मागच्या भिंतीच्या मातीत एकही गेलं नव्हतं.

"तुझ्या सोवळ्याचा काही उपयोग झाला नाही," अक्षता म्हणाली. हसली नाही. "आजी, गांडूळ सगळ्या अंगानेच श्वास घेतं आणि माती खातच पुढे जातं. मातीत तांबं, शिसं, क्रोमियम असलं काही असेल तर ते त्याच्या अंगात साठत जातं. आधी अंडी घालणं बंद होतं. मग ते वाळतं. मग हे असे करकोचे. पळायला वाट असेल तर ते पळतं. आपल्या वाफ्याला चारी बाजूंनी विटा होत्या."

मग तिने विचारलं, "अंडी होती का गं त्या वाफ्यात?"

"नव्हती. चंपाने सांगितलं होतं. दिवाळीच्या आधीच."

"मग निम्मं निदान तिने तेव्हाच केलं होतं." अक्षताने कागद गुंडाळला. "मागच्या भिंतीशी पूर्वी काय होतं गं, आजी?"

हाच प्रश्न नवरात्रात मुलाने, सुशांतने विचारला होता. तो सोसायटीचा सेक्रेटरी. वॉर्डाच्या स्वच्छ सोसायटी स्पर्धेत उतरायचं होतं, नवे वाफे कुठे करावे यावर बोलणं चाललं होतं. तेव्हा शेवंतीबाई चटकन म्हणाल्या होत्या, काही नाही रे, मोकळी जागा होती. मग तिथे वाफे झाले आणि त्यांच्या कडेला पालक, माठ, अळू लावलं. बागेला सुशांतच्या वडिलांचं नाव द्यायचं ठरलं. 'कै. चंद्रप्रकाश परब स्मृती उद्यान.' काळ्या दगडाची पाटी कोरून घरात येऊन पडली होती. सव्वीस जानेवारीला लावायची होती.

मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेला शेवंतीबाई विसरल्या नव्हत्या. विसरायचं ठरवून बसल्या होत्या.

गिरणीचा संप लांबला तेव्हा चंद्रप्रकाश परबांनी गावी परत जायचं नाकारलं आणि आज वसंतदीप उभी आहे त्याच जागेवर पत्र्याचा एक गाळा घेतला. साकीनाक्याला तेव्हा अशा गाळ्यांच्या रांगाच्या रांगा होत्या. पितळी नळ, सायकलींची हँडलं, दारांच्या कड्या, सगळं काळंभोर होऊन यायचं आणि त्यांच्या हौदांतून निघालं की आरशासारखं चमकायचं. निकेल, तांबं, क्रोम यांचा मुलामा. शेवंतीला नवऱ्याचा केवढा अभिमान वाटायचा. गाळ्याच्या मागेच एका खोलीत संसार. दर शनिवारी हौदातलं वापरलेलं पाणी उपसायचं, आणि कामगार कमी पडला की ती स्वतः बादल्या उचलायची. मोरपंखी हिरवं पाणी असायचं ते. उन्हात इतकं सुंदर दिसायचं की ओतताना जीव हळहळायचा. सगळं मागच्या भिंतीशी ओतायचं. माती सगळं पिते, असं नवरा म्हणायचा. तो वाईट माणूस नव्हता. पण पाणी सरकारी गटारात सोडलं तर दंड होतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे काहीतरी ठाऊक होतंच.

त्याच भिंतीशी शेवंतीने शेवग्याची फांदी लावली होती, कुडाळहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी लागते. तिकडे शेवग्याला शेगूल म्हणतात आणि त्या भाजीशिवाय अष्टमी होत नाही. फांदी फुटली, चार पानं आली आणि जळून गेली. दुसऱ्या वर्षी पुन्हा. तिसऱ्या वर्षीही. तेव्हा सासूबाई गावाहून आल्या होत्या. कामगारांच्या देखत त्या म्हणाल्या, "तू भायर असताना झाडाक हात लावलंस गे, म्हणान मेला ता."

शेवंती तेव्हा तिशीची होती. शरमेने तिचे कान पेटले होते. आपण त्या दिवसांत हात लावला होता की नाही, हे तिला आठवेनासुद्धा. तरी तिने ते खरं मानलं. त्यानंतर त्या भिंतीशी तिने काही लावलं नाही. आणि मोरपंखी पाणी ओतणारा हातही तिचाच होता, हे शेवग्याशी जोडून बघायची गरज चाळीस वर्षांत कोणाला पडली नाही. कारण शेवगा कशाने मेला, ते आधीच कळलेलं होतं.

अक्षता उत्तराची वाट बघत होती. शेवंतीबाईंनी तिला सगळं सांगितलं. यावेळी आपला भाग गाळला नाही.

अक्षताने दोन्ही मातींचे नमुने कॉलेजातल्या तिच्या मॅडमकडे तपासायला दिले. कागद यायला अकरा दिवस लागले. या अकरा दिवसांत शेवंतीबाई काय करत होत्या, ते सांगायला हवं. त्या वाट बघत होत्या. कागद आला की बोलू, पुराव्याशिवाय कसं बोलायचं, असं त्या स्वतःला बजावत होत्या. चंपाला घालवायला मात्र कोणताही पुरावा लागला नव्हता. ऑफिसातल्या कॅलेंडरवर जानेवारीचं पान लागलं आणि त्यावर लाल गोल नव्हता. तो काढायचा नाही म्हणून आपल्याला हलकं वाटलं, याचीही त्यांना लाज वाटली.

कागद आला. मागच्या भिंतीच्या मातीत तांबं, निकेल आणि क्रोमियम, बागेच्या मातीत असावं त्याच्या कितीतरी पट. पालेभाजी लावू नये, लावलेली खाऊ नये, मुलांना तिथे खेळू देऊ नये, असं खाली लिहिलं होतं.

सुशांतने कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. मग बराच वेळ समजुतीच्या सुरात बोलत राहिला. इमारतीचं नाव खराब होईल, दोन फ्लॅट विकायला निघालेत, त्या लोकांचं काय. माती खणून काढून टाकू, वर लाद्या बसवू, प्रश्न मिटला. चंपाला पण परत बोलावू, काही कारण न सांगता.

"आणि बाबांचं नाव, आई?" तो शेवटी म्हणाला. "त्यांनी तुला काय कमी केलं?"

"काय्येक नाय," शेवंतीबाई म्हणाल्या. मन हललं की त्यांच्या तोंडी मालवणी येई. "म्हणूनच चाळीस वर्षां गप रवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षाने असल्फ्याला गेल्या आणि गुडघे धरत डोंगराच्या पायऱ्या चढल्या. चंपाचं घर विचारत विचारत सापडलं. दार तिच्या मुलीने, शीतलने उघडलं. मुलीने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं आणि आत वळून म्हणाली, "मम्मी, गोलवाल्या आजी आल्यात."

शेवंतीबाईंना उंबऱ्यातच उभं राहावंसं वाटलं. हे नाव या घरात किती दिवस चालत असेल, दर महिन्याला आई कामावरून आली की ही पोर काय ऐकत असेल, ते त्यांच्या ध्यानात आलं. चंपाने मुलीला दटावलं नाही. पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि समोर बसली. पवईकडे एका घरी धुण्याभांड्यांचं काम मिळालं होतं, निघायची घाई होती.

शेवंतीबाईंनी सगळं सांगितलं. गाळा, पाणी, शेवगा, डबे, कागद. सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले. चंपा शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"मी त्या दिवशी घरी येऊन आंघोळ केली, काकू," ती म्हणाली. "रडले म्हणून न्हाई. मलापण वाटलं, झालं आसंल आपल्याच हातून. आमच्यात कोणी असलं मानत न्हाई, माझ्या बापाने घरात कधी पाळू दिलं न्हाई. तरी वाटलं. चौघीजणी मिळून म्हणल्या की माणसाला वाटतं." तिने तांब्या उगाच सरकवला. "आता तुम्ही म्हणता की माझ्या हातून न्हाई झालं. ते हितं येऊन मला सांगता, त्याचं मी काय करू? जिथं म्हणलं, तिथं म्हणा."

रविवारी सकाळी अकराला गाड्यांच्या जागेत खुर्च्या मांडून सभा भरली. विषय होता बागेचं सुशोभीकरण. सुशांतने लाद्यांचे नमुने आणले होते. मागच्या भिंतीची माती शनिवारीच खणून ढीग केला होता, पोती भरून ठेवली होती. शेवंतीबाई उठल्या. खुर्चीची पाठ धरून त्या बोलल्या.

गाळा कोणाचा होता, पाणी कोणी ओतलं, ते सांगितलं. नवरात्रात मुलाने विचारलं तेव्हा मोकळी जागा म्हणाले, ते खोटं होतं, हे सांगितलं. गांडुळं अंडी घालत नाहीत, हे चंपाने दिवाळीआधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. कॅलेंडरवरचे गोल माझ्या हातचे. तिला हाकललं तेव्हा मी बादलीत बघत होते.

सुशांत मोबाईलकडे बघत होता.

"वहिनी, दोन महिने आम्ही तिथला पालक खातोय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "आमचा यज्ञेश पाच वर्षांचा आहे. त्याला मी मुद्दाम घालत होते. घरचा, औषध न मारलेला म्हणून."

"मीपण खाल्ला. पण मी माहीत असून खाल्ला, तुम्हाला माहीत नव्हतं. तुमचा यज्ञेश आणि बाकीची मुलं, सगळ्यांना डॉक्टरांकडे न्यायचं. मी बरोबर येईन. आमच्यामुळे झालं, हे त्यांना मीच सांगेन."

रुक्मिणीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. काढला तेव्हा त्या सावरल्या होत्या. "ते मातीचं झालं. विटाळाचं वेगळं. आपली रीत आहे ती, तिला यात कशाला ओढता?"

"वेगळं नाही, रुक्मिणी," शेवंतीबाई म्हणाल्या. "ती रीत होती म्हणून माती कोणी बघितली नाही. माझा शेवगा मेला तेव्हाही नाही आणि आताही नाही. बाईचा हात सापडला की आपण पुढे शोधतच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देतो आणि वर पुण्य केल्यासारखं वाटून घेतो. एका बाईचे दिवस आपण टँकरच्या आणि झुरळांच्या रांगेत टांगून ठेवले होते. मला सांगा, विटाळ कोणाचा झाला?"

खुर्च्यांच्या मागे, खांबाशी चंपा उभी होती. कधी आली, ते कोणी पाहिलं नव्हतं. शेवंतीबाईंनी तिच्याकडे बघून हात जोडले. सगळ्यांसमोर. चंपा अवघडली. दोघी-तिघींनी तिला बसायला खुर्ची पुढे केली, तेवढ्याने सगळं भरून निघाल्यासारखी. ती बसली नाही.

सुशांत पुढे झाला. जे झालं ते झालं, चंपाताईंनी उद्यापासून यावं, बागेच्या दारावरची पाटी काढून टाकू, असं तो म्हणाला. तो मनापासून बोलत असावा, निदान सुटल्यासारखा तरी. माती आजच जातेय, चारला टेम्पो येईल, एकदा गेली की विषयच संपला, असंही म्हणाला.

"कुठं जातेय?" चंपाने विचारलं.

सुशांतला ते ठाऊक नव्हतं. राडारोडा उचलणारा माणूस नेतो, त्याचं तो बघतो.

"मला ठाऊक हाय," चंपा म्हणाली. "तुमच्या बाजूच्या बिल्डिंगीचा राडापण त्यानेच नेला. आमच्या डोंगराच्या पायथ्याला टाकतो तो. तिथं पोरं खेळतात. बायकांनी वालाचे वेल लावलेत त्याच्यावर."

इतक्या शिकलेल्या लोकांत हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. शेवंतीबाईंनाही नाही. आत्ता, एवढं मोठं बोलून झाल्यावर, हात जोडून झाल्यावर, त्यांनाही आतून हेच वाटलं होतं की माती एकदाची गेली म्हणजे सुटलो. चाळीस वर्षांपूर्वी बादली भिंतीशी रिकामी करताना जसं वाटायचं, अगदी तसंच. सगळ्या दिवसांतली सगळ्यांत मोठी लाज त्यांना त्या क्षणी वाटली.

त्या चालत मागच्या भिंतीपर्यंत गेल्या. पोती ओळीने रचलेली होती, सुतळीने तोंडं बांधलेली. त्यातल्या एकावर त्या बसल्या. अक्षता धावत आली, आजी, निदान अंगाला तरी लावून घेऊ नकोस म्हणाली. तिने दुकानातून जाड प्लास्टिक आणायला सांगितलं, झाकायला.

"टेम्पोवाल्याला फोन कर," शेवंतीबाई मुलाला म्हणाल्या. "येऊ नको म्हणून सांग. माती आमची आहे. ती कोणाच्या दारात न टाकता कुठे आणि कशी न्यायची, ते सरकारी माणसाला बोलावून लेखी विचारू. तोवर यातलं घमेलंभर इथून हलायचं नाही. फ्लॅट विकले नाही तरी चालतील. दगडाची पाटी घरात राहू दे."

सुशांतने आईकडे पाहिलं, सभेकडे पाहिलं आणि मोबाईल कानाला लावला. रुक्मिणीबाई थोड्या वेळाने प्लास्टिकचं एक टोक धरायला पुढे आल्या. चेहरा अजून रागीट होता, पण टोक त्यांनी घट्ट धरलं.

"तू येशील गं कामाला?" शेवंतीबाईंनी चंपाला विचारलं.

"ठरवते," चंपा म्हणाली. "तुम्ही मातीचं काय करता, ते आधी बघते."